मुलगा फ्रॅटर्निटीत जायचं म्हणतोय

"दादाला बिड आली आहे. चार दिवसांत हो किंवा नाही कळवायचं आहे. हे म्हणतात जाऊ दे. मला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही."

न्यू जर्सीतल्या एका आईचा हा निरोप. बिड म्हणजे फ्रॅटर्निटीचं, कॉलेजातल्या मुलांच्या संघटनेचं, आमंत्रण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मराठी घरांमधून आमच्याकडे असे निरोप येतातच, कारण कॉलेजांमधली फ्रॅटर्निटीची भरती बहुधा याच दोन हंगामांत होते. हे कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत, प्रश्न मात्र अनेक घरांचा आहे.

मुलगा अठरा वर्षांचा, शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. धाकटी बहीण नऊ वर्षांची. वडील सांगलीकडचे, हॉस्टेलला राहून इंजिनिअर झालेले. गावच्या सॉकर लीगमध्ये मुलींच्या दहा वर्षांखालच्या संघाला ते शिकवतात, विनामोबदला आणि मनापासून. आमची पहिली बैठक आईवडिलांबरोबर झाली, दुसरी एकट्या मुलाबरोबर, तिसरी सगळ्यांची मिळून. मैदानाचा उल्लेख पहिल्या बैठकीत ओझरताच आला होता. पुढे गाठ सुटली ती तिथेच.

ज्यांच्या घरात हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची सभासद-संघटना. तिचं एक राष्ट्रीय मुख्यालय असतं आणि कॉलेजागणिक एक शाखा, जिला चॅप्टर म्हणतात. मुलींच्या संघटनांना सोरोरिटी म्हणतात. आधी 'रश', म्हणजे ओळखीपाळखीचा आठवडा-पंधरवडा. मग 'बिड', म्हणजे सभासद होण्याचं आमंत्रण. ते स्वीकारलं की काही आठवडे नवसभासद म्हणून काढायचे, जुन्या भाषेत 'प्लेज' व्हायचं, आणि शेवटी दीक्षाविधी. धोका जवळजवळ सगळा बिड आणि दीक्षाविधी यांच्या मधल्या काळात असतो. रशमध्ये सगळेच हसतमुख असतात, त्यावरून काहीही ठरवू नये.

मुलांना तिथे का जावंसं वाटतं, हे आईवडिलांनी आधी नीट ऐकून घ्यायला हवं. तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या आवारात पहिल्या सहामाहीत मूल फार एकटं पडतं. या मुलाने सांगितलं, "जेवायला कुणाबरोबर बसायचं, हे मला रोज नव्याने शोधावं लागतं." फ्रॅटर्निटी हा प्रश्न एका दिवसात सोडवते. शिवाय नोकरीच्या वेळी माजी सभासद उपयोगी पडतात, हे खोटं नाही. ईशान्य अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्रॅटर्निटीमुळे जीपीए (गुणांची सरासरी) सुमारे ०.२५ ने घसरतो, पण पुढचं उत्पन्न सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं, असा निष्कर्ष होता. एकाच कॉलेजचे आकडे आहेत, ते सगळीकडे लावू नयेत. तरी "तिथे फक्त दारू पितात" असं म्हणून विषय बंद केला की मुलगा आपल्याशी बोलणं बंद करतो आणि बिड गुपचूप स्वीकारतो. अठरा पूर्ण झाली की त्याला आपल्या सहीची गरज नसते. त्याचे मार्कसुद्धा कॉलेज आपल्याला आपणहून दाखवत नाही.

आईच्या भीतीलाही आधार आहेच. टिमथी पियाझा हा न्यू जर्सीचाच मुलगा. तो पेन स्टेटमध्ये शिकत होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत बिड स्वीकारल्याच्या रात्री त्याला ८२ मिनिटांत १८ वेळा दारू पाजण्यात आली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. तिथल्या मुलांनी त्याला सोफ्यावर ठेवलं, उताणा होऊन गुदमरू नये म्हणून पाठीला दप्तर बांधलं आणि जवळजवळ बारा तास रुग्णवाहिका बोलावली नाही. ४ फेब्रुवारीला तो गेला. वय १९. त्याच्या नावाने पेनसिल्वेनियात २०१८ मध्ये आणि न्यू जर्सीत २०२१ मध्ये कायदा झाला. त्या फ्रॅटर्निटीचं घर कागदोपत्री दारूबंदीचं होतं. म्हणून "आमचं हाउस ड्राय आहे" हे वाक्य ऐकून निश्चिंत होऊ नये.

वडिलांचं म्हणणं वेगळं. "अहो, आमचंही रॅगिंग झालंच की. महिनाभर मान खाली घालून चाललो, सिनियरची जर्नल्स लिहिली, रात्री दोन वाजता उठून त्यांच्यासाठी चहा आणला. काय बिघडलं? तेच सिनियर पुढे नोकरीला मदतीला आले."

त्यांच्या पिढीतल्या पुष्कळ पुरुषांच्या तोंडी हे ऐकू येतं, आणि ते खोटं बोलत नसतात. जे सुखरूप पार पडले ते आज सांगायला आहेत. जे शिक्षण सोडून गावी परतले त्यांना कुणी विचारत नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड ठेवला. "काय बिघडलं" याचं उत्तर तोवर पुरेसं मिळालं होतं म्हणूनच. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये कॉलेजांमधल्या हेझिंगविरुद्ध, म्हणजे तिथल्या रॅगिंगविरुद्ध, केंद्रीय कायदा झाला. त्याच्या व्याख्येत एक कळीची गोष्ट आहे. मुलगा राजीखुशीने तयार झाला होता की नाही, याने फरक पडत नाही. संघटनेत येण्यासाठी किंवा टिकण्यासाठी कुणाला शारीरिक किंवा मानसिक इजेच्या धोक्यात घातलं तर ते हेझिंगच. "त्यानेच ग्लास उचलला" ही सबब चालत नाही. वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या डोळ्यांसमोर हॉस्टेल होतं, आणि हॉस्टेलला "मी केलं" म्हणणं मर्दपणाचं होतं.

दुसऱ्या बैठकीत मुलाने एक गोष्ट सांगितली, जी त्याने घरी कधी सांगितली नव्हती. लहानपणी तो वडिलांच्याच संघात खेळायचा. शर्यतीत शेवटी येणाऱ्याला एक जास्तीची फेरी मारावी लागे. उशीर झाला तर पुशअप्स. सामना हरला की सगळ्यांना मैदानाला पाच फेऱ्या. एकदा पाय मुरगळूनही त्याने फेऱ्या पूर्ण केल्या आणि वडिलांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "त्या दिवशी मला वाटलं, आता मी खरा टीमचा झालो." फ्रॅटर्निटीतली दोन महिन्यांची परीक्षा त्याला त्याच रांगेतली वाटत होती. सहन करायचं, बोलायचं नाही, मग आपण त्यांचे.

त्याने परवानगी दिल्यावर तिसऱ्या बैठकीत हे वडिलांसमोर आलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण मी त्याला कणखर करत होतो."

कणखरपणा आणि लपवण्याची सवय या दोन गोष्टी शिक्षेच्या फेऱ्यांमध्ये एकत्र मिसळतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चुकीची शिक्षा पळण्याची असेल तर ते चूक टाळायला शिकत नाही. ते चेंडू मागणंच सोडून देतं, म्हणजे चूक होणारच नाही. पळणं हीच शिक्षा झाल्यामुळे पळण्याचा कंटाळा येतो, तो वेगळाच. सगळ्यांत वाईट म्हणजे ते दुखणं लपवायला शिकतं. डोक्याला मार लागला, गरगरतंय, मळमळतंय, तरी मूल हात वर करत नाही, कारण हात वर करणारा कच्चा ठरतो. हेच मूल पुढे अठरा वर्षांचं होऊन एखाद्या तळघरात उभं असतं आणि बेशुद्ध पडलेल्या मित्राकडे पाहून ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा की नाही याचा विचार करतं. पियाझाच्या प्रकरणातले ते बारा तास असेच गेले. घाबरलेली मुलं तिथेही होती, मदत बोलवा म्हणणाराही एक होता, त्याला गप्प बसवलं गेलं.

म्हणून फ्रॅटर्निटी असो की शाळकरी मुलींचा संघ, आमचा पहिला प्रश्न एकच असतो: इथे सगळ्यांत नवं माणूस "मला बरं वाटत नाहीये" किंवा "मी हे करणार नाही" म्हणालं, तर पुढच्या पाच मिनिटांत काय होतं?

मुलाच्या हातात दोन बिड होत्या. एक जुन्या, मोठ्या, स्वतःचं घर असलेल्या फ्रॅटर्निटीची, दुसरी दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निटीची. चार दिवसांत त्याने काय काय तपासायचं, याची आखणी त्याच्याचबरोबर बसून केली. आईवडिलांनी चॅप्टरच्या अध्यक्षाला फोन करायचा नाही, हेही ठरलं. त्याने मुलाची पत जाते आणि उत्तरंही गुळगुळीत मिळतात.

पहिलं काम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. २०२४ च्या त्याच कायद्यामुळे कॉलेजांना हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या संघटनांची नावं, घटना आणि शिक्षा जाहीर कराव्या लागतात. पेनसिल्वेनियासारख्या काही राज्यांत असा अहवाल आधीपासून आहे. त्याशिवाय फ्रॅटर्निटी-सोरोरिटी कार्यालयाची मान्यताप्राप्त चॅप्टरची यादी पाहायची. ज्या चॅप्टरचं नाव यादीत नाही पण जे तरी रश घेतंय, तिथून उलट्या पावली परतायचं. मान्यता काढून घेतल्यावर भाड्याच्या घरातून चोरून चालणारे गट सगळ्यांत धोक्याचे, कारण त्यांच्यावर कॉलेजचीही नजर नसते आणि मुख्यालयाचीही. बहुतेक कार्यालयं चॅप्टरचा सरासरी जीपीएही छापतात. तो आवारातल्या सगळ्या मुलांच्या सरासरीच्या खाली असेल तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने तिथे दोनदा विचार करावा.

दुसरं काम चॅप्टरला विचारण्याचं. नवसभासदांचं लेखी वेळापत्रक आहे का, सुरुवात आणि शेवटाच्या तारखांसह? आठवड्याला किती तास? मागच्या वर्षी किती जणांनी बिड घेतली, किती जणांनी दीक्षा घेतली, आणि आज त्यातले किती आहेत? वीस जणांपैकी बारा उरले असतील तर ते आठ का गेले, ते त्या आठांपैकी कुणाला तरी भेटून विचारावं. हे गेलेले सभासद सहज सापडतात आणि खरं बोलतात. दारू न पिणारा सभासद कोण आहे, त्याच्याशी ओळख करून द्या म्हणावं. कॉलेजबाहेरचा सज्ञान सल्लागार कोण, त्याचा नंबर नवसभासदांना मिळतो का?

उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त सांगून जाते. मोठ्या फ्रॅटर्निटीतल्या मुलाने वेळापत्रकाच्या प्रश्नावर सांगितलं, "ते बिड घेतल्यावर कळतं, ब्रो. विश्वास ठेव." हेच चॅप्टर दोन वर्षांपूर्वी हेझिंगवरून प्रोबेशनवर, म्हणजे ताकीद मिळून देखरेखीखाली, होतं, हे यादीत सापडलं. मुलाने तिथे स्वतःहून नकार कळवला. आईला वाटलं, सुटलो. पण दुसरी बिड होतीच.

इथे आपल्या लोकांचा एक गोड गैरसमज असतो: "ती आपलीच मुलं आहेत, देसी आहेत, तिथे काही होणार नाही." दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटी १९९० च्या दशकात उभ्या राहिल्या. आयोटा न्यू डेल्टा १९९४ मध्ये बिंगहॅमटनला, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनला, बीटा काय थीटा १९९९ मध्ये लॉस एंजेलिसला. मुलींची डेल्टा फाय ओमेगा १९९८ मध्ये ह्यूस्टनला. या संघटनांनी एकट्या पडलेल्या पुष्कळ मुलांना आधार दिला आहे. भांगडा, गरबा, रक्तदान, मधुमेहावरचे कार्यक्रम, सगळं खरं. पण वंश किंवा भाषा समान असणं ही सुरक्षिततेची हमी नव्हे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा मायकेल डेंग पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या विधीत जिवाला मुकला. पेनसिल्वेनियाच्या डोंगरात भाड्याने घेतलेलं घर, गोठलेलं अंगण, डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूचं वजन, आणि समोरून येऊन पुन्हा पुन्हा पाडणारे 'मोठे भाऊ'. इजा झाल्यावर त्यांनी त्याला रुग्णालयात नेण्याआधी इंटरनेटवर लक्षणं शोधली. पुढे ती संघटनाच न्यायालयात दोषी ठरली आणि त्या राज्यात तिच्यावर दहा वर्षांची बंदी आली. सांस्कृतिक फ्रॅटर्निटीत दारूपेक्षा अंगमेहनत, जागरण, पाठांतर आणि ओळीत उभं करून ओरडणं यांचा धोका मोठा असतो, आणि त्याला 'इतिहास शिकवणं', 'बंधुभाव' अशी भारदस्त नावं दिलेली असतात. घरी लहानपणापासून मोठ्यांचं ऐकायला शिकवलेल्या आपल्या मुलांना तिथे नाही म्हणणं उलट जास्त अवघड जातं.

दुसऱ्या चॅप्टरने मात्र सात आठवड्यांचं लेखी वेळापत्रक दिलं, आठवड्याला सहा तास, रात्री दहानंतर काही नाही. सल्लागाराचा नंबर दिला. मुलाला जायचं होतं. आईवडिलांनी परवानगी द्यावी की नाही, हा प्रश्नच नव्हता. सोबत काय द्यायचं, हा होता.

आधी पैशांचं बघू. नवसभासद शुल्क, राष्ट्रीय ड्यूज (वर्गणी), चॅप्टरचे ड्यूज, विमा, टी-शर्ट, वार्षिक नृत्यसमारंभ, गैरहजेरीचा दंड: सगळं वेगवेगळं मोजून एका कागदावर मागायचं. स्वतःचं घर असलेल्या फ्रॅटर्निटीत दुसऱ्या वर्षी तिथे राहण्याची सक्ती असते का, आणि त्या भाडेकरारावर पालकांची हमी लागते का, हे आधी विचारायचं. मुलगा मध्येच बाहेर पडला तरी भाडं चालू राहतं. मुलांच्या शिक्षणासाठी करसवलतीत बचत करण्याच्या ५२९ खात्यातून ड्यूज भरता येत नाहीत, तसं केलं तर त्या रकमेतल्या वाढीवर कर आणि दंड बसतो. आम्ही सुचवतो की ड्यूजचा मोठा भाग मुलाने स्वतःच्या उन्हाळी कमाईतून भरावा. स्वतःचे पैसे घातले की माणूस हिशोब विचारतो.

मग दारूचं गणित. अमेरिकेत पिण्याचं वय २१ आहे, तरी पहिल्या वर्षाची मुलं पितात. नुसतं "पिऊ नकोस" सांगून भागत नाही, मात्रा कळायला हवी. अमेरिकी मोजणीत एक पेग म्हणजे ४० टक्क्यांची ४४ मिली दारू, किंवा ५ टक्क्यांची ३५५ मिली बिअर. यकृत साधारण तासाला एवढंच पचवतं. 'बिग-लिटल' नावाच्या रात्री नव्या मुलाला त्याचा 'मोठा भाऊ' एक बाटली भेट देतो आणि ती संपवायची असते. ७५० मिलीची बाटली म्हणजे सुमारे १७ पेग. ओहायोच्या बोलिंग ग्रीन विद्यापीठातला विद्यार्थी स्टोन फोल्ट्झ मार्च २०२१ मध्ये अशाच रात्री जवळजवळ एक लिटर बर्बन प्यायला आणि वाचला नाही. बिडची रात्र, बिग-लिटलची रात्र आणि दीक्षेचा आठवडा: या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या आणि त्या संध्याकाळी मुलाशी साधं बोलायचं, उपदेश न करता.

कुणी शुद्ध हरपून पडलं तर काय पाहायचं, हे मुलाकडून पाठ करून घेतलं. हलवूनही जाग येत नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर. अंग गार, ओठ-नखं निळसर. झोपेतच उलटी. यातलं एकही दिसलं तर ९११, लगेच. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, पाठीला दप्तर बांधून निघून जायचं तर मुळीच नाही. "झोपून उतरेल" हा समज जीवघेणा आहे, कारण पोटातली दारू रक्तात उतरायची थांबलेली नसते आणि नशा झोपेत आणखी चढते. बहुतेक राज्यांत मदत बोलावणाऱ्या एकवीस वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या पिण्याबद्दल कायद्याचं संरक्षण मिळतं. हे मुलांना माहीत नसतं आणि त्या भीतीपोटी उशीर होतो.

घरात एक परवलीचं वाक्य ठरलं: "आजीला फोन केला का?" हा निरोप मुलाकडून आला की आई लगेच फोन करणार आणि आजी आजारी असल्याचं सांगून त्याला तिथून बाहेर काढणार. चोवीस तास एकही प्रश्न विचारायचा नाही, ओरडायचं नाही. घर कॉलेजपासून चार तासांवर, म्हणून आवाराजवळच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका कुटुंबाला विचारून ठेवलं, की रात्री-बेरात्री गाडी घेऊन जाल का. त्यांनी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं. परदेशातल्या मंडळांचा हा उपयोग गणपतीच्या आरतीइतकाच मोलाचा आहे, आणि तो फार कमी लोक करून घेतात.

आता वडिलांकडे. त्यांनी स्वतःहून विचारलं, "मग सरावाला फेऱ्या नाहीत तर शिस्त कशी लावू?" दहा वर्षांखालचा संघ म्हणजे मैदानात सात-सात, २५ मिनिटांचे दोन भाग, चार नंबरचा चेंडू, डोक्याने चेंडू मारायला बंदी. ७५ मिनिटांच्या सरावाची नवी मांडणी अशी ठरली: मुली येतील तशा पहिली पंधरा-वीस मिनिटं तीन-तीनचे छोटे सामने, कुणाची वाट न पाहता. उशिरा येणारीचं खेळणं बुडतं, तेवढं पुरतं, पुशअप्स लागत नाहीत. मग पंचवीस-तीस मिनिटं एकच कौशल्य, प्रत्येकीला चेंडू, रांगेत तिघींपेक्षा जास्त नाहीत. रांग लांबली की गोंधळ सुरू होतो. आपण ज्याला बेशिस्त म्हणतो, ती पुष्कळदा नुसती वाट पाहण्याची कंटाळलेली वेळ असते. शेवटी मोठा सामना. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, मागितलं नाही तरी.

खेळण्याच्या वेळेचा हिशोब त्यांना सगळ्यांत आवडला, इंजिनिअरच ते. सामन्याचे साडेबारा मिनिटांचे चार तुकडे केले की सात जागा गुणिले चार, म्हणजे २८ जागा. संघात अकरा मुली. सहा जणींना तीन तुकडे, पाच जणींना दोन. कमीत कमी खेळणारीलाही अर्धा सामना मिळतो. पुढच्या सामन्यात त्या पाच जणींना तीन. तक्ता आदल्या रात्री लिहायचा आणि स्कोअर काहीही असला तरी बदलायचा नाही. आधी ते दुसऱ्या भागात बलवान मुलींनाच ठेवत, आणि दोन मुलींनी येणं बंद केलं होतं. त्यांतल्या एकीच्या आईने "क्लास आहे" असं कारण दिलं होतं. ते कारण खरं नसणार, हे वडिलांना आता उमगलं.

सुरक्षेचे नियमही नीट बसवले. दुसऱ्याच्या मुलीला एकटीला गाडीतून न्यायचं नाही, एकटीला मेसेज करायचा नाही, प्रत्येक निरोपात तिचे पालक हवेत. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही नाही. न्यू जर्सीत स्वयंसेवक कोचला दाव्यांपासून कायद्याचं संरक्षण हवं असेल तर तीन तासांचा सुरक्षा-वर्ग करावा लागतो, तो रटगर्स विद्यापीठातर्फे चालतो. हे इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सरावाच्या सुरुवातीला एक वाक्य: "कुणाला काही दुखतंय का? जी सांगेल तिची जागा जाणार नाही." पहिले दोन आठवडे कुणीच बोललं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोघींनी हात वर केले.

मुलाच्या बाजूला सगळं सुरळीत झालं, असं नाही. चौथ्या आठवड्यात रात्री साडेअकराला नवसभासदांना तळघरात बोलावलं गेलं, फोन टोपलीत टाकायला सांगितले. मुलाने फोन दिला नाही. "वेळापत्रकात दहानंतर काही नाही असं लिहिलंय. मी निघतो," इतकंच म्हणाला आणि बाहेर आला. दुसऱ्या दिवशी त्याने सल्लागाराला तारीख, वेळ, नावं लिहून ईमेल केला. सल्लागाराने चोवीस तासांत दोन वरिष्ठ सभासदांना नवसभासदांच्या कार्यक्रमातून दूर केलं आणि मुख्यालयाला कळवलं. मुलगा राहिला. दोन-चार जण आजही त्याच्याशी धड बोलत नाहीत, त्याचा त्याला त्रास होतो आणि त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

सल्लागाराने टाळाटाळ केली असती तर आम्ही बाहेर पडायला सांगितलं असतं. बाहेर पडणं कठीण वाटतं पण विधी साधा आहे. दीक्षेपूर्वी नवसभासद केव्हाही जाऊ शकतो. चॅप्टरच्या अध्यक्षाला दोन ओळींचा ईमेल, प्रत विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी कार्यालयाला आणि मुख्यालयाला: "मी आजपासून सभासदत्वाची प्रक्रिया सोडत आहे." कारण लिहायची गरज नाही. समोरासमोर जाऊन सांगायचं नाही, कारण तिथे पाच जण मिळून मन वळवतात. ग्रुपमधले मेसेज, फोटो, तारखा जपून ठेवायच्या, ग्रुप सोडण्याआधी. बँकेतून आपोआप जाणारे ड्यूज थांबवायचे आणि परतफेडीचा नियम लेखी मागायचा. धमकी आली तर डीन ऑफ स्टुडंट्सचं कार्यालय आणि आवारातले पोलीस. नाव न सांगता कळवायचं असेल तर हेझिंगविरोधी राष्ट्रीय दूरध्वनी १-८८८-६६८-४२९३ आहे, तिथे निरोप ठेवता येतो. हा नंबर मुलाच्या फोनमध्ये बिड येण्याच्या आधीच साठवून द्यावा, आणि खोलीतल्या जोडीदाराच्या फोनमध्येही.